पायाखालची परात

मी परात बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, तिला रोज घासूनपुसून फळीवर उभं करतात. मी पोल्ट्रीच्या दारात जमिनीवर पडलेली असते. माझ्यात तांबूस औषधाचं पाणी असतं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकानं माझ्यात दोन्ही पाय बुडवून थोडा वेळ उभं राहायचं असतं. या धंद्यातले लोक मला फूटबाथ म्हणतात. आमच्या घरात ते नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून परात.

माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. मला चेहरे दिसतच नाहीत. मला दिसतात बुटांचे आणि चपलांचे तळ. चेहऱ्यावर माणूस हवं ते आणू शकतो, तळाला ते जमत नाही. कोण कुठून आलं, चिखलातून की शेणातून, हे मला बरोबर कळतं. फक्त ते कोणाला सांगता येत नाही. एका दुपारी या न सांगता येण्यानं माझा जीव अगदी कासावीस झाला होता. त्या दुपारची गोष्ट सांगायची आहे, पण आधी मी इथे कशी आले ते ऐका.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. कोणाच्या तरी पाण्याच्या टाकीचं झाकण करून उरलेला जस्ती पत्रा कोपऱ्यात पडून होता, तीच मी. एक दिवस स्कूटरवरून एक बाई आली. तिनं पत्रा उचलून पाहिला आणि म्हणाली, याच्या चारही कडा वर वळवून द्या, मोठ्या माणसाचे दोन्ही बूट आत मावले पाहिजेत. वेल्डरला वाटलं, कोंबड्यांना पाणी ठेवायला हवी असेल. ती म्हणाली, नाही, माणसांना उभं करायला. वेल्डरनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हसू गिळलं. माझ्या एका कोपऱ्याच्या जोडावर वेल्डिंगचा डाग जरा जाडच बसलाय, तो त्या गिळलेल्या हसण्यामुळे असं मी धरून चालते.

ती बाई त्या घरची सून. सगळे तिला सूनबाईच म्हणत, खाद्याची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हरसुद्धा. लग्नाआधी ती बिस्किटांच्या कारखान्यात मालाची तपासणी करायची. डोक्याला जाळी आणि हाताला मोजे घातल्याशिवाय तिथे साहेबालाही आत सोडत नसत. ती सवय तिनं सासरी बरोबर आणली. कोणी सोनं आणतं, हिनं शिस्त आणली, असं तिचा नवरा चेष्टेनं म्हणायचा.

पोल्ट्री होती तिच्या सासऱ्यांची. त्यांना घरात बाबा म्हणत. बाबांच्या काळात शेड म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा कट्टा होता. कोणीही यावं, पिंजऱ्यांमधून फिरावं, पक्ष्यांचं कौतुक करावं, जाताना पिशवीत चार अंडी घेऊन जावं. या धंद्यात कोंबडीला कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. मलाही आधी नवल वाटलं होतं. बाबांचे पक्षी मजेत होते, पाहुणे मजेत होते, फक्त वर्षाच्या शेवटी हातात काय उरलं असं कोणी विचारलं की बाबा विषय बदलायचे. त्यांना पक्ष्यांची माया होती. खाद्य किती गेलं आणि त्याची अंडी किती झाली, हा प्रश्न त्यांना जरा हलकटपणाचा वाटायचा.

सूनबाईनं तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला. अंडी द्यायचं थांबलेले पक्षी तिनं विकले. तडकलेली अंडी बाबा वाटून टाकायचे, ती तिनं बेकरीला लावून दिली. खत रोपवाटिकेला. एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची रोजची अंडी तिनं स्वतः जाऊन मिळवली. मग एक दिवस तिनं बाबांना सांगितलं की शेड आपल्याला पोसत नाही, आपणच शेडला पोसतोय. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ठीक आहे, हा एक लॉट, पक्ष्यांची ही एक खेप, तुझ्या पद्धतीनं होऊ दे. नाही जमलं, तर शेड भाड्यानं देऊन मोकळं व्हायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. सूनबाईनं मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी ती वेल्डरकडे आली.

म्हणजे माझ्या मागे काय होतं, हे लक्षात घ्या. आतल्या दारापलीकडे तिचा एकुलता एक लॉट. तो जगला तर पोल्ट्री तिची. गेला तर सगळंच गेलं.

शेडच्या तोंडाशी एक अरुंद खोली आहे. बाहेरून खोलीत यायचं, ब्रशनं तळ खरवडायचे, माझ्यात उभं राहायचं, मग बाकावर बसून बाहेरची चप्पल काढायची, आतले बूट घालायचे आणि मगच आतल्या दाराची कडी काढायची. ब्रश आधी, कारण माझं औषध चिखलातून आत शिरत नाही. वरवर ओलं होतं, आतला रोग तसाच राहतो. आणि घाण पडत गेली की औषधाचा रंग उडतो. रंग उडाला की समजायचं, आता हे नुसतं पाणी आहे. म्हणून सूनबाई रोज सकाळी मला रिकामं करून, घासून, नवं औषध भरायची.

माणसांच्या तऱ्हा मी तिथे पाहिल्या. वायरमन मला डबक्यासारखं उडी मारून ओलांडायचा आणि सूनबाई त्याला तितक्याच शांतपणे परत बोलवायची. पॉलिशचे बूट घातलेले एक गृहस्थ नुसत्या टाचा टेकवून गेले. बाबांची तर वेगळीच कथा. ते पायाचा अंगठा बुडवायचे, आंघोळीचं पाणी फार गरम नाही ना हे बघावं तसा. मग "झालं हो तुमचं शास्त्र" म्हणत आत जायचे. मी त्यांच्या अंगठ्याला चांगली ओळखून होते. बाकीचा पाय मला कधी मिळालाच नाही.

मग साथ आली.

आधी ती कुठे तरी लांब होती. खाद्याच्या ड्रायव्हरनं बातमी आणली की नदीपलीकडच्या दोन पोल्ट्र्यांत पक्षी माना टाकतायत. सूनबाईनं त्याच दिवशी फाटकाला कुलूप लावलं. खाद्याची गाडी फाटकाबाहेर थांबायची, चाकांवर फवारा मारला जायचा, पोती खांद्यावरून आत यायची. अंडी नवरा टेम्पोतून पोचवायचा आणि परत आला की टेम्पो धुवून बाहेरच उभा करायचा. गावात तिचं नाव फाटकवाली पडलं. दुकानात कोणी तरी तिला विचारलं म्हणे, घरात येताना नवऱ्यालाही बुडवून घेतेस का? ती हसली नाही. खोलीत आली, ब्रश घेतला आणि माझा तळ असा घासला की माझा पत्रा झिजतो की काय असं मला वाटलं.

साथ जवळ येत गेली. रोज कोणाचं तरी नाव निघायचं. एक दिवस नाव निघालं ते कुंपणापलीकडच्या काकांचं.

हे काका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघांनी शेड एकाच वर्षी बांधल्या, एकमेकांच्या हातानं बांधल्या. काकांचं घर तर बाबांच्याही वरताण मोकळं. फाटक नावाला होतं, ते बंद झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. आणि त्या भागातली रीत अशी, की कोणाच्या पोल्ट्रीवर संकट आलं की आजूबाजूच्या सगळ्यांनी जायचं. मेलेले पक्षी उचलायचे, खड्डा खणायचा, चुना टाकायचा, घरातल्या माणसांना दोन घास खायला लावायचे. कोणाच्या घरी कोणी गेलं तर माणसं जातात, तसंच. न जाणं म्हणजे फार वाईट.

त्या सकाळी त्या अरुंद खोलीतच बोलणं झालं. सूनबाई मला भरत होती आणि बाबा दारात उभे होते. ती म्हणाली की आपल्या घरातलं कोणीही तिकडे जायचं नाही. पाहिजे ते सामान मी कुंपणाशी ठेवते, फोनवर हवं तितकं बोला, पण पाऊल टाकायचं नाही.

बाबा म्हणाले, "तो एकटा आहे. त्याची बायको अंथरुणाला खिळलीय. बाकीचेही जाणार नाहीत, सगळ्यांना आपापल्या शेडची भीती. मग खड्डा कोणी खणायचा?"

"मला माहीत नाही, बाबा."

"तुझा धंदा होईल गं. पण माणसं राहणार नाहीत."

ती औषध ओतत राहिली. थोडं कडेवरून सांडलं. मला वाईट वाटलं. बाबांचं खोटं नव्हतं आणि तिचंही खोटं नव्हतं.

त्या दिवशी खाद्य आलं. पोती उतरवणाऱ्यांनी दिवसभराची धूळ माझ्यात झाडली. दुपारपर्यंत माझा तांबूस रंग पार फिका झाला. सूनबाई परत आल्यावर मला बदलणार होती. नवरा हॉस्पिटलच्या फेरीवर होता, म्हणून बेकरीचा डबा घेऊन तीच गेली होती. खोलीत कोणी नव्हतं. आतून पक्ष्यांची दुपारची कुरकुर ऐकू येत होती.

बाहेरचं दार उघडलं आणि बाबा आले. रोज या वेळी ते पक्ष्यांमध्ये एक फेरी मारायचे, तशी सवयच होती त्यांना.

त्यांनी चपलांचे तळ ब्रशवर दोनदा घासले. कमरेत वाकवत नव्हतं, म्हणून उभ्या उभ्याच. मग त्यांनी पाय माझ्यात ठेवला. अंगठा नाही, अख्खा पाय. मग दुसरा. आणि तळ टेकल्याबरोबर मला कळलं.

खाचांमध्ये पांढरा चुना बसला होता. चुन्यात ओली माती, आणि मातीत एक तपकिरी पीस.

बाबा हलले नाहीत. एरवी क्षणभर न थांबणारा हा माणूस माझ्यात उभाच राहिला. पाय दाबून दाबून बुडवत होता. तोंडानं काही तरी पुटपुटत होता, देवाचं असेल किंवा मित्राचं नाव असेल. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा मानलं, आणि नेमकं त्या वेळी माझ्यात फिकं पाणी होतं. मला ओरडायचं होतं. बाबा, हे औषध नाही, हे आता पाणी आहे. आणि औषध असतं तरी त्या चुन्याच्या थराखाली मला पोचता आलं नसतं. पण पत्र्याला कसलं तोंड.

ते माझ्यातून बाहेर निघाले, बाकावर बसले, चपला काढल्या, आतले बूट घातले. ज्या हातांनी मेलेले पक्षी उचलले, त्याच हातांनी बूट घातले. मग आतल्या दाराच्या कडीला हात लावला. कडी गंजलेली होती, जरा अडायची. त्यांनी ती हलवली, सुटली नाही, पुन्हा हलवली. पलीकडे पक्षी शांत होते, त्यांना नेहमीची चाहूल ओळखीची होती.

तेवढ्यात सूनबाई आत आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे नाही. पाणी दुधासारखं झालं होतं आणि त्यावर ते पीस तरंगत होतं.

"बाबा, कडी सोडा."

"परातीत उभा होतो मी. विचार हवं तर हिला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कुठे गेला होतात?"

बाबांनी कडीवरचा हात काढला नाही. ती पुढे झाली, त्यांचं मनगट धरलं आणि हात कडीवरून खाली घेतला. सुनेनं सासऱ्याचा हात असा धरल्याचं त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

"तो एकटाच खणत होता गं," बाबा म्हणाले. "फावडंसुद्धा धरवत नव्हतं त्याला. मी काय कुंपणावरून बघत बसू?"

"नाही. पण मग इथे यायचं नाही."

"माझ्या शेडात मला अडवतेस?"

"हो."

एवढंच. आवाज चढला नाही. बाबांनी आतले बूट काढले आणि अनवाणी बाहेर गेले. त्यांच्या चपला तिनं अंगणाच्या टोकाला नेऊन जाळल्या, आतले बूटही जाळले. कडी, बाक, जमीन सगळं औषधानं धुवून काढलं. मला रिकामं केलं, उन्हात टाकलं, घासलं, पुन्हा भरलं. आणि मग ती आतल्या दाराकडे वळलीच नाही. बाहेर जाऊन उभी राहिली.

नवरा आल्यावर मला सगळं कळलं. तो म्हणाला, अगं तू का थांबलीस, तू तर नुसती खोलीत आली होतीस. ती म्हणाली, त्यांचा हात धरलाय मी. आता पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत बाबाही आत नाहीत आणि मीही नाही. तू आंघोळ कर, कपडे बदल आणि आत जा. नवऱ्याला टेम्पो कळतो, पक्षी कळत नाहीत. तो वैतागला, म्हणाला स्वतःच्या शेडची मालकीण बाहेर आणि मी आत, हा कुठला धंदा? ती म्हणाली की नियम मला सोडून असेल तर तो नियम नाही.

त्या दिवसांइतके जड दिवस मी पाहिले नाहीत. नवरा एकटा आत, घामाघूम. सूनबाई अंगणात जाळीपासून लांब उन्हात उभी राहून त्याला ओरडून सांगायची: पाण्याची नळी बघ, खाद्य पसरून टाक, आधी त्या कोपऱ्यातल्यांकडे जा. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, आज मर किती? पोल्ट्रीत एखादा पक्षी मरतोच, एरवी त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण आता नवऱ्यानं "एक" म्हटलं की ती खाली बसायची.

बाबा ओसरीवरून हे बघत असायचे. सुनेशी बोलत नव्हते. तीही समजूत घालायला गेली नाही. मग एका दुपारी ते उठले, एक खुर्ची उचलली, ती जिथे उभी राहायची तिथे नेऊन ठेवली आणि परत जाऊन बसले. ती खुर्चीवर बसली आणि बसल्या बसल्या रडली. मला खोलीच्या उघड्या दारातून खुर्चीचे पाय आणि तिचे पाय दिसत होते, आवाज मात्र सगळा येत होता.

आणि मग अंडी घटली. एका सकाळी नवरा अर्धेच ट्रे घेऊन बाहेर आला. म्हणाला, पक्षी एका बाजूला गोळा होऊन बसलेत, मी जवळ गेलो की फडफडतात. सूनबाईनं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाबा ओसरीवरून उतरून अंगणाच्या मधोमध येऊन थांबले. पुढे यायचं धाडस त्यांना झालं नाही आणि परत जाववेना.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आपल्या हातानं बुटांचा तळ खरवडला, माझ्यात उभ्या राहिल्या आणि सावकाश दम घेतला, मग आत गेल्या. पक्ष्यांचे नमुने घेऊन गेल्या. उत्तर येईपर्यंत घरात कोणी नीट जेवलं नाही. नवरा आत-बाहेर करताना इतका वेळ माझ्यात उभा राहायचा की मलाच त्याला हाकलावंसं वाटायचं.

फोन आला तो दुपारी. पक्षी निरोगी होते. मग अंडी का घटली, हे डॉक्टरीणबाईंनी परत येऊन पाहिलं तेव्हा समजलं. नवऱ्यानं जास्तीची काळजी म्हणून आत गेल्यावर आपला पांढरा लांबलचक रेनकोट अंगावर चढवायला नुकतीच सुरुवात केली होती आणि त्याच अवतारात तो शेडभर फिरायचा. जन्मापासून घरच्यांना रोजच्या मळखाऊ कपड्यांत पाहिलेले पक्षी ते पांढरं भूत बघून भेदरले होते. सूनबाई हसायला लागली ती थांबेना. नवरा रेनकोट काढून हातात धरून उभा होता, त्याचा चेहरा कसा झाला असेल ते मी ताडलं.

सगळे हसत असताना बाबा खोलीत आले आणि बाकावर बसले. डॉक्टर हो म्हणाल्या होत्या. पण त्यांनी कडीकडे पाहिलंही नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तू आली नसतीस, तर मी आत गेलो असतो. आणि मी सगळं बरोबर केलं असंच मला वाटलं असतं."

तिनं मान खाली घातली. "तुम्ही गेलात तिकडे, ते बरं केलंत," ती म्हणाली. "मला जाता आलं नसतं."

लॉट जगला. बऱ्याच पोल्ट्र्या रिकाम्या झाल्यामुळे अंड्यांना मागणी आली आणि पोल्ट्रीनं त्या वर्षी पहिल्यांदा घराला पोसलं. बाबांनी भाड्याचा विषय पुन्हा काढला नाही. पैसे हाताशी आले तशी सूनबाईनं दारातच सिमेंटचा हौद बांधून घेतला, निचऱ्याची तोटी असलेला, ऐसपैस. म्हणजे माझी गरज संपली. मला कुंपणाला टेकवून ठेवलं. तिथे माझ्यात पावसाचं पाणी साचायचं आणि एक कुत्रं येऊन ते प्यायचं. राग आला का, तर हो, आला. इतकं सगळं पायाखाली सोसून शेवटी कुत्र्याची वाटी.

पण कुंपणाशी होते म्हणून पुढचं ऐकायला मिळालं. एक दिवस काका पलीकडून कुंपणाशी आले. मी त्यांना पाहिलं ते पहिल्यांदाच. चपला झिजलेल्या, पाय सुजलेले. सूनबाई आणि बाबा अलीकडे होते. काका म्हणाले की माझी शेड घेऊन टाक. तुला धंदा जमतो, मला फक्त माणसं जमली. तिच्याकडे हॉस्पिटलची मागणी वाढली होती, तिला जागा हवीच होती. मला वाटलं, ही आता हो म्हणणार.

ती म्हणाली, "शेड नको. अंडी तुमची द्या मला, मी विकते. पण पद्धत माझी."

मग काकांच्या पोटात जे होतं ते बाहेर आलं. "त्या दिवशी तू माझ्या दारात आली नाहीस."

"नाही आले, काका. पुन्हा तसं झालं तर पुन्हा येणार नाही. आणि आमच्याकडे झालं तर तुम्हीही येऊ नका."

बाबांनी दचकून तिच्याकडे पाहिलं असावं, कारण त्यांची टाच एकदम वळली. काकांनी एक पाऊल मागे घेतलं. निघून जातील असं वाटलं. मग त्यांनी हळूच विचारलं की पद्धत म्हणजे काय काय करायचं. बाबा वाकले. कमरेचं दुखणं विसरून वाकले, मला उचललं, पाणी ओतून दिलं आणि कुंपणावरून पलीकडे धरलं. म्हणाले, "सुरुवात हिच्यापासून कर."

तेव्हापासून मी काकांच्या दारात आहे.

काकांना फार जड गेलं, खोटं कशाला सांगू? आयुष्यभर ज्यांनी "या, या" एवढंच म्हटलं, त्यांना "थांबा" म्हणताना घाम फुटायचा. पहिले काही दिवस ते पाहुण्यांची माफी मागत मला पुढे सरकवायचे, जेवणाच्या ताटासारखी. नवा लॉट आला त्या दिवशी बाबा सकाळपासून आत होते, आंघोळ करून, नव्या कपड्यात. आपल्या शेडकडे ते आदल्या दिवसापासून फिरकले नव्हते. दुपारी सूनबाई आली. साथ येऊन गेल्यावर त्या फाटकातून ती पहिल्यांदाच आत येत होती. तिचे तळ मी लगेच ओळखले. स्वच्छ होते, नेहमीसारखे.

काका दारात स्टुलावर बसले होते. त्यांनी उठून हसत तिचं स्वागत केलं आणि मग थांबले.

"कुठून येतेयस?"

"आमच्या शेडातून," ती म्हणाली. पाय तिनं माझ्यावर उचललेला होता.

"सरळ तिथून?"

"हो. घाईत निघाले. पक्षी बघायचे होते तुमचे."

काकांचा श्वास मला ऐकू आला. त्यांचे पाय एकदा मागे गेले, पुन्हा पुढे आले. इतक्या दिवसांनी ती दारात आली होती.

"मग आज नको, पोरी," ते म्हणाले. "उद्या ये. आंघोळ करून, दुसरीकडे कुठे न जाता."

तिचा पाय क्षणभर तसाच राहिला. मग तिनं तो मागे घेऊन जमिनीवर टेकवला. "बरं, काका," ती म्हणाली आणि वळली. फाटकापर्यंत ती सावकाश गेली, तिथे थांबली, पदरानं डोळे पुसल्यासारखी बांगड्यांची किणकिण ऐकू आली, आणि तिनं फाटक आपल्या हातानं लावून घेतलं.

काका स्टुलावर मटकन बसले. आतल्या बाबांना त्यांनी दारातूनच विचारलं, "चुकलो का रे?"

"चुकला असतास तर तिनं तोंडावर सांगितलं असतं," बाबा म्हणाले.

मी इथे बरी आहे. पत्रा कडेला गंजतोय, जाड डागाच्या कोपऱ्यातून थोडं गळायलाही लागलंय, काका तिथे डांबर लावून काम भागवतात. फार दिवस निघणार नाहीत माझे. तुम्ही कधी अशा दारात आलात, तर घाई करू नका. आधी तळ खरवडा, मग शांत उभे राहा. आणि दारातला माणूस "आज नको" म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका. ते म्हणताना त्याचे पाय कसे लटपटतात, ते मी पाहिलंय.